रविवारचं खातं

आमच्याकडे रविवार म्हणजे मटण, हा रिवाज माझ्या लग्नाहून जुना. रक्ताच्या अहवालात कोलेस्टेरॉल निघालं आणि हिनं ते खातं त्याच दिवशी बंद केलं! वडील ५२व्या वर्षी हृदयविकारानं गेले, मी ४८चा. तेव्हा अपील नव्हतंच. मुलीनंही साक्ष दिली, "बाबा, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ सालीच लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलंय."

तीन महिने कडक शाकाहार केला. म्हणजे रविवारी मटणाच्या जागी बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी आणि वर श्रीखंड! पुन्हा रक्त दिलं. कोलेस्टेरॉल होतं तिथंच, वजन मात्र दोन किलोंनी वर.

डॉक्टर हसले. "मटण काढलंत, पण त्या जागी भरलंत काय? तळण नि साखर! उसळ, डाळ, शेंगदाणे खा. मासे चालतील, पण तळून नकोत."

पंचवीस वर्षं नावे-जमा लिहिणाऱ्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगावं!

आता रविवारी मटकीची उसळ असते, अधूनमधून बांगड्याचं तिखलं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, की मी खिडकी लावून घेतो. ५२ ओलांडेपर्यंत तरी वहीत खाडाखोड करायची नाही.