चातुर्मासातील जपानी पान

कांदेनवमीच्या भज्यांची कढई चुलीवरून उतरली की पुढील चार महिने आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणीस मज्जाव असतो. सासूबाईंच्या काळी याविषयी कोणाची तक्रार नसे. नातीच्या पिढीची आहे. तिला चीन-जपानकडील पदार्थांची गोडी. ते घरी होत नाहीत म्हणून चातुर्मासात तिचे जेवण हळूहळू बाहेरच होऊ लागले. तिने व्रत मोडा असे कधी म्हटले नाही, आणि मीही तिला अडवले नाही. पण एकाच घरात दोन चुली झाल्यासारखे मनास वाटू लागले.

वास्तविक या तंट्याचा निकाल जपानातील बौद्ध मठांनी केव्हाच लावून ठेवला आहे. तेथील स्वयंपाकास ‘शोजिन रियोरी’ म्हणतात. त्यात मांस-मत्स्य तर नाहीच, पण कांदा, लसूण, कांद्याची पात अशा उग्र भाज्याही वर्ज्य. हा निषेध लंकावतारसूत्रात आहे. म्हणजे मुळात तो इकडूनच तिकडे गेलेला! दोगेन नावाचा जपानी भिक्षू 1223 साली चीनला गेला, तेव्हा त्याच्या जहाजावर एका मठाचा वृद्ध आचारी अळंबी विकत घेण्यास आला होता. दोगेनने राहण्याचा आग्रह केला; म्हातारा थांबला नाही. मठाची चूल हीच त्याची साधना होती. पुढे 1237 मध्ये दोगेनने मठातील आचाऱ्यासाठी एक लहानसा ग्रंथच लिहिला. तांदूळ धुताना खडे कसे निवडावेत आणि दाणा कसा वाया जाऊ देऊ नये, हेही त्यात आहे. देवळात सोवळ्याने नैवेद्य रांधणाऱ्यास हे परके वाटणार नाही.

नवशिक्याने आरंभ मिसोच्या सारापासून करावा. ‘कोंबू’ ही समुद्रातील वनस्पतीची वाळलेली पट्टी. (समुद्रातील म्हणून नाक मुरडू नये, आपण दुधात शिजवून वड्या पाडतो ती चायना ग्रासही समुद्रशेवाळाचीच असते.) दहा ग्रॅमची पट्टी कोरड्या फडक्याने हलकेच पुसावी. तिच्यावरील पांढरी भुकटी धुऊन टाकू नये, चव तीतच असते. एक लिटर पाण्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवावी आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसताच, उकळी फुटण्यापूर्वी, बाहेर काढावी. याच पट्टीतून 1908 साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने ग्लुटामेट वेगळे केले व त्या चवीस ‘उमामी’ हे नाव दिले. कांद्याची उणीव का भासत नाही, याचे उत्तर त्यात आहे.

त्या पाण्यात लाल भोपळ्याच्या फोडी शिजवाव्यात, टोफूचे तुकडे घालावेत आणि विस्तव बंद केल्यावरच माणशी एक मोठा चमचा मिसो थोड्या पाण्यात कालवून सोडावा. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. तो उकळला की सुगंध जातो. वेगळे मीठ नकोच. सोबत पालक: उकळत्या पाण्यातून काढून पिळावा, आणि भाजून कुटलेले तीळ, चमचाभर सोया सॉस व चिमूटभर साखर यांत कालवावा. तिळकूट करणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही.

दुकानात मात्र डोळे उघडे ठेवावेत. साराची तयार पूड बहुधा मासळीची असते. काही मिसोतही ती मिसळलेली असते. पाकिटावरील बारीक अक्षरे वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. ‘मिरिन’ हे तांदळाचे गोड मद्य. त्याच्या जागी साखर चालते. जपानी पुस्तकांत वांगी पुष्कळ भेटतील, ती कार्तिकीपर्यंत राहू द्यावीत. आणि हे पान एकादशीस नाही, हे सांगणे नलगे.

भिजवलेली पट्टी आमच्या घरी टाकली जात नाही. तिचे बारीक काप सोया सॉस व साखर घालून आटवले की लोणच्यासारखे तोंडीलावणे होते. जपानी मठांत सकाळी भाताची पेजच असते. नातीला हे समजल्यापासून दहाच्या पेजेबरोबर ती खारातल्या कैरीशेजारी हे काप वाढून घेते. कैरी मात्र तिने सोडलेली नाही.