हसवणारी आई

'अशी ही बनवाबनवी' आणि मी एकाच वर्षीच्या, १९८८ च्या. टीव्हीवर हा सिनेमा लागला की आमच्या घरी जेवणे लांबतात. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होतो, घरमालकीण लीलाबाईंना तिला दिवस गेलेत असे वाटते आणि साग्रसंगीत डोहाळजेवण होते. आमच्यातल्या सतवाशापेक्षा ते फार वेगळे नाही. फुले, ओटी, बायकांची गाणी, सगळे तेच. खोटे पोट मिरवणारा पुरुष लाजतो तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसतो. अम्मी मात्र दरवेळी म्हणते, "अब रातकू उठके दिखा म्हणावं!"

अम्मीच्या या बोलण्यात सगळे आले. आपल्या विनोदी सिनेमात डोहाळे असतात, बारसे असते आणि त्यानंतर मूल एकदम मिशा फुटूनच समोर येते. मधली वर्षे कुठे गेली? रात्री तीनला उठणे, एका हाताने पोळी लाटणे, डबा भरल्यावर न सापडणारा एक मोजा यांत हसण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही बायका त्यावर हसतोही. पण पडद्यावरची आई रडवण्यासाठी राखून ठेवलेली. 'माहेरची साडी' (१९९१) पाहायला बायका रुमाल घेऊन गेल्या होत्या. त्या रडण्याला मी हसत नाही. तेवढा वेळ तरी त्यांना स्वतःसाठी मिळाला.

खरी आई मला दिसली ती दादा कोंडक्यांच्या सिनेमात. दादांना पडद्यावर आणले आमच्या कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी, 'तांबडी माती'त (१९६९). पुढे 'सोंगाड्या'त (१९७१) रत्नमालाबाई त्यांची आये झाल्या. ही आये मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उसासे टाकत नाही. ती ओरडते, धाक घालते, तमाशाच्या नादी लागलेल्या नाम्याला घराबाहेर काढते. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका अशाच बोलतात. दादांच्या द्वयर्थी संवादांवर शिक्षकांनी नाक मुरडावे असा रिवाज आहे. मुरडावे, पण आयेला त्यातून वगळावे. अडचण एवढीच की तिचे 'लेकरू' चाळिशीला टेकलेले आहे!

आणि आमची अम्मी? हिंदी सिनेमात ती जानमाजवर बसून दुआ मागते, किंवा शिवणयंत्र चालवते. तिला विनोद करण्याची मुभाच नसते, जणू मुसलमान घरात आई फक्त दुआ देते, चिमटा काढत नाही. मराठी विनोदी सिनेमात तर ती मला भेटलीच नाही. म्हणून 'डार्लिंग्ज' (२०२२) मोबाईलवर पाहिला तेव्हा नवल वाटले. दिग्दर्शन जसमीत रीन यांचे. भायखळ्याच्या चाळीतली शमशू, म्हणजे शेफाली शाह, मुलीला मारणाऱ्या जावयाचा काटा काढण्याच्या गोष्टी मिठाचा अंदाज सांगावा तशा सहज करते. विषय हसण्याचा नाही, तरी आपण हसतो आणि मग घशात काहीतरी अडकते. अम्मीने एवढाच शेरा दिला, "बाई कामाची है."

माझ्याकडे पटकथा मागायला कोणी येणार नाही. आले, तर एक प्रसंग तयार आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. आमच्या शाळेत शिपाई धरून आम्ही चौदा. रजा संपवून मी रुजू झाले तेव्हा मधल्या सुट्टीत अम्मी बाळाला रिक्षाने घेऊन यायची. दूध पाजायला एकच जागा होती, नकाशांची खोली. पाठीमागे आशिया खंड, समोर मानवी सांगाड्याचा तक्ता. एरवी वर्गात दुपट्टा ओला झाला की मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राही. त्या काळात माझ्या वर्गाचे शुद्धलेखन फार झाले. दारावर आमच्या शिपाईबाई पहारा देत.

एकदा साहेब तपासणीला आले आणि थेट त्या दाराकडे वळले. शिपाईबाई आडव्या उभ्या राहिल्या. "आत पेपर मोजायचं काम चाललंय, साहेब." तेवढ्यात बाळाने सूर लावला. मी दुपट्टा सावरत श्वास रोखून बसले. बाहेर क्षणभर शांतता. मग साहेबांचा आवाज आला, "मोजू द्या, सावकाश मोजू द्या."