चौघांचा फोटो

इक्वेडोरच्या कवितेविषयी काहीही वाचायला घेतलं की चार नावं एका दमात येतात. आर्तुरो बोर्हा, एर्नेस्तो नोबोआ, उम्बेर्तो फिएर्रो आणि मेदार्दो आन्हेल सिल्वा. बहुतेक वेळा चौघांचे चेहरे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि वर मथळा असतो, 'शिरच्छेद झालेली पिढी'. फ्रेंच कवितेच्या नादी लागलेले, अफूच्या धुंदीत रमलेले, लहान वयात गेलेले चार जिवलग मित्र, अशी गोष्ट वाचणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होते. ती खरी नाही. 1912 मध्ये बोर्हा किटोत वारला, तेव्हा सिल्वा तिकडे समुद्राकाठच्या ग्वायाकिलमध्ये 14 वर्षांचा पोरगा होता. हे चौघे एका टेबलाभोवती कधी बसलेच नाहीत.

पिढीचं बारसंही चौघं गेल्यानंतरचं. राऊल आंद्रादे नावाच्या निबंधकाराने ते केलं आणि नाव असं झकास बेतलं, की त्यापुढे कविता वाचायची तसदी कोण घेणार? बोर्हा विसाव्या वर्षी गेला, सिल्वा एकविसाव्या. पण नोबोआ 38 वर्षं जगला आणि फिएर्रो 39. फिएर्रो तर सरकारी कचेरीत कारकुनी करणारा, अबोल, घरकोंबडा माणूस. चाळिशीला टेकलेल्या कारकुनाला शिरच्छेद झालेला कोवळा पोर म्हणायचं म्हणजे जरा अतीच.

बोर्हाच्या वाट्याला मात्र कादंबरीत शोभेल असा योगायोग आला. नामांकित कायदेपंडिताचा हा मुलगा. डोळ्याला इजा झाली म्हणून घरच्यांनी त्याला उपचारासाठी पॅरिसला पाठवलं, आणि तिथं तो व्हर्लेन, बोदलेअर, मालार्मे वाचून परतला. डोळ्याच्या दुखण्यातून एका देशाच्या कवितेने वळण घ्यावं, ही गंमत थोडी नाही. 1912 च्या ऑक्टोबरात त्याचं लग्न झालं आणि नोव्हेंबरात मॉर्फिनने तो गेला. 'ला फ्लाउता दे ओनिक्स' हे त्याचं पुस्तक निघायला पुढे 1920 साल उजाडलं.

बोर्हा गेला त्याच 1912 च्या सुरुवातीला, 28 जानेवारीला, किटोत जे घडलं ते या कवितांत शोधूनही सापडत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष एलोय आल्फारोला जमावाने तुरुंगात घुसून मारलं, त्याचं प्रेत रस्त्यांवरून फरपटत एल एहिदोच्या मैदानावर नेलं आणि जाळलं. ग्वायाकिल आणि किटो जोडणारी रेल्वे 1908 मध्ये पुरी केली ती याच आल्फारोने, आणि कैद करून त्याला राजधानीत आणलं तेही याच रेल्वेने. शहरात मांस जळल्याचा वास आणि कवितेत राजहंस, अशी टीका या कवींवर पुढे पुष्कळ झाली. टीका सोपी आहे. जे डोळ्यांसमोर घडलं त्यापासून तोंड फिरवावंसं वाटणं हीसुद्धा त्या काळाची साक्षच आहे, आणि ती साक्ष विशीतल्या मुलाने दिली म्हणून खोटी ठरत नाही.

सिल्वाची जातकुळीच वेगळी. किटोतले तिघे खानदानी घरांतले. हा सावळा, गरीब, लहानपणीच बाप गेलेला. शाळा अर्धवट सुटली, छापखान्यात काम केलं, मास्तरकी केली, 'एल तेलेग्राफो' या दैनिकात 'जाँ दाग्रेव्ह' या फ्रेंच टोपणनावाने लिहिलं. पॅरिस त्याने कधी पाहिलं नाही, पण फ्रेंच आपली आपण शिकला. 1918 मध्ये 'बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं झाड' अशा अर्थाच्या नावाचा संग्रह पदरमोड करून काढला. पुढच्या वर्षी 8 जूनला त्याला 21 वर्षं पूर्ण झाली आणि 10 जूनला, ज्या मुलीवर जीव जडला होता तिच्या घरी, गोळी लागून तो गेला. आत्महत्या, अपघात की खून, यावर ग्वायाकिलमध्ये आजही वाद घालता येतो.

त्या मुलीसाठी लिहिलेल्या कवितेचं नाव 'एल आल्मा एन लोस लाबिओस', म्हणजे ओठांवर आलेला जीव. क्वेंका शहरातल्या फ्रान्सिस्को पारेदेस एरेराने तिला चाल लावली आणि तिचा पासियो झाला. पासियो म्हणजे युरोपातल्या वॉल्ट्झला डोंगरात आल्यावर लागलेलं दुःखाचं वेड. ठेका तीन मात्रांचा, साथीला गिटार, आणि विषय ठरलेले: विरह, मरण, आई, गाव. पुढे हुलिओ हारामियोने ते गाणं गायलं आणि ते लॅटिन अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्यांपर्यंत पोहोचलं. हारामियोचा जन्मदिवस, 1 ऑक्टोबर, इक्वेडोरमध्ये पासियो दिन म्हणून पाळतात. 2021 मध्ये युनेस्कोने पासियोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा नोंदीच्या नावातच गाणं आणि कविता हे दोन्ही शब्द होते. बोर्हा आणि नोबोआच्या कवितांचेही असेच पासियो झाले. मूठभर रसिकांसाठी लिहिलेल्या नाजूक, परदेशी वळणाच्या कविता मध्यरात्री ट्रकवाले गातात. कवींना ते आवडलं असतं का? नोबोआने बहुधा नाक मुरडलं असतं.

इक्वेडोरमध्ये कवीने लवकरच मेलं पाहिजे असा काही नियम नाही. होसे होआकिन दे ओल्मेदो 66 वर्षं जगला, स्वतंत्र ग्वायाकिल प्रांताचा प्रमुख झाला, 1830 मध्ये देशाचा पहिला उपराष्ट्राध्यक्ष झाला, आणि ग्वायाकिलच्या विमानतळाला आज त्याचं नाव आहे. त्याचा शहरातला पुतळा मुळात लॉर्ड बायरनचा असून स्वस्तात मिळाला म्हणून आणला, अशी एक दंतकथा आवडीने सांगितली जाते. ती निव्वळ थाप आहे.

ओल्मेदोने 1825 मध्ये मुक्तिसेनानी बोलिवारच्या विजयावर नऊशेच्या घरात ओळी असलेलं महाकाव्यसदृश स्तोत्र लिहिलं. अडचण अशी की हुनिनची लढाई बोलिवारने जिंकली, पण स्वातंत्र्य पक्कं करणारी आयाकुचोची लढाई जिंकली त्याच्या सेनापतीने, सुक्रेने, बोलिवार तिथं नसताना. कवीने तोड काढली: आकाशात इंका सम्राट वायना कापाकचं भूत प्रकट होतं आणि आयाकुचोचं भविष्य सांगतं. बोलिवारने ते वाचून कवीला पत्रं लिहिली, आणि स्तुतिपाठकाला नायकाकडून असा उलट अभिप्राय क्वचितच मिळाला असेल. तुम्ही आमच्या गरीब फार्साच्या पात्रांना घेऊन 'इलियड'चं विडंबन केलंत की काय, असं त्याने हसत हसत विचारलं. तुमचा इंका फार बोलतो, म्हणाला. जिथं एक गोळी झाडली गेली नाही तिथं तुम्ही तोफा डागता, म्हणाला. आणि खरंच, हुनिनला सगळी लढाई भाले आणि तलवारींनी झाली होती. ओल्मेदोचं काव्य आज कोणी आवडीने वाचत असेल तर त्याला सलाम. बोलिवारची पत्रं मात्र अजून ताजी आहेत.

पण चौघांच्या त्या फोटोत जागा असलीच तर ती एका बाईची होती, आणि तिला तिथं कोणी बसवलं नाही. दोलोरेस वेइंतिमिया. जन्म किटोचा, 1829 चा. नवरा डॉक्टर, दूर परदेशी गेलेला. ती क्वेंकात मुलाला घेऊन राहायची, घरी लेखकमंडळी जमवायची, आणि त्या सनातनी गावाला तेवढंही पुरेसं होतं. 1857 मध्ये तिबुर्सिओ लुसेरो नावाच्या आदिवासी माणसाला भर चौकात देहदंड दिला गेला. दोलोरेसने एक छोटं पत्रक छापून वाटलं: माणसाला कायद्याने मारणंही मारणंच आहे, आणि मेलेला आदिवासी आहे म्हणून त्याच्यासाठी रडायचं नाही असं नाही. गावातून निनावी पत्रकांचा मारा सुरू झाला. त्यामागे फ्राय व्हिसेंते सोलानो या वजनदार धर्मगुरूचा हात असल्याचं मानलं जातं. महिनाभरात, 23 मेला, तिने जीव दिला. वय 27. तिच्या मोजक्याच कविता उरल्या आहेत. शिरच्छेदाची उपमा वापरायचीच तर इथं ती लागू पडते, कारण इथं हातात कुऱ्हाड घेतलेली माणसं खरोखर होती.

त्याच क्वेंकात 1918 मध्ये सेसार दाविला आंद्रादे जन्मला. हाडकुळा, दाढीवाला, योग आणि गूढविद्येच्या पुस्तकांत बुडालेला. मित्रांनी त्याचं नाव 'एल फाकिर' ठेवलं आणि तेच चिकटलं. हिंदुस्थान त्याने पाहिला नव्हता. त्याची खरी कमाई तिकडे नाहीच. 'बोलेतिन इ एलेहिया दे लास मितास' या दीर्घ कवितेत वसाहतकाळात वेठबिगारीला जुंपलेल्या आदिवासींची नावं आणि गावं तो एकेक करून उच्चारतो. खाणी, हातमागाची कारखानावजा कोठारं, चाबूक. एका मेलेल्या माणसाच्या तोंडून सगळं येतं आणि वाचताना घशाला कोरड पडते. 1967 मध्ये काराकासच्या एका हॉटेलात त्यानेही स्वतःला संपवलं.

आता 7 नोव्हेंबर 1950 ची रात्र. ठिकाण किटो, चित्रकार ओस्वाल्दो ग्वायासामिनचं घर. पाहुणे जमलेले, ग्लास भरलेले. भिंतीजवळ ग्वायासामिनचं 'एल ओरिहेन' नावाचं चित्र: मातीच्या रांजणात बसवलेले पूर्वजांचे सांगाडे. स्पॅनिश यायच्या आधी अँडीजमधल्या अनेक समाजांत मेलेल्या माणसाला असंच, गुडघे पोटाशी घेऊन, रांजणात ठेवून पुरत. होर्हे कारेरा आंद्रादे चित्रापुढे थबकला. जवळ कोरा कागद नव्हता. हाताशी प्रूस्तचं पुस्तक होतं, त्याच्या कोऱ्या पानावर त्याने एक कडवं लिहिलं. पुस्तक उगो आलेमानकडे गेलं, त्याने दुसरं लिहिलं. तिसरं लिहिलं हाइमे वालेन्सियाने, जो कवी नव्हता, चित्रकार होता. चौथं लिहिलं 24 वर्षांच्या होर्हे एन्रिके आदुमने, जो चिलीत पाब्लो नेरुदाचा सचिव राहून आला होता. गोंसालो बेनितेस आणि लुइस आल्बेर्तो वालेन्सिया ही गायकजोडी तिथंच होती. त्यांनी गिटार घेतली आणि 'दान्सान्ते' या जुन्या आदिवासी नाचाच्या संथ ठेक्यात चाल बांधली. त्याच रात्री गाणं गायलं गेलं. 'वासिहा दे बारो', मातीचं भांडं. मेल्यावर मला माझ्या पूर्वजांसारखं मातीत, मडक्यात पुरा, एवढंच त्याचं मागणं.

चार हातांनी लिहिलेलं, त्यातला एक हात कवीचाही नव्हे, आणि तरी गाण्यात जोड दिसत नाही. इक्वेडोरमध्ये हे जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत आहे. गाणाऱ्यांतल्या कितींना चौघांची नावं सांगता येतील, शंकाच आहे. आपलं नाव विसरून ओळ लोकांच्या तोंडी राहावी, याहून कवीला वेगळं काय हवं असतं, असं म्हणायचा मोह होतो, पण कवींना नावही हवंच असतं. आदुमने पुढे भरपूर लिहिलं, 1963 मध्ये युनेस्कोच्या कार्यक्रमात हिंदुस्थानात येऊन गेला, 2009 मध्ये वारला. त्याची रक्षा मातीच्या भांड्यात घालून किटोत ग्वायासामिनच्या घराच्या आवारात, एका पाइनच्या झाडाखाली, त्या मित्राशेजारीच पुरली आहे.

पहिलं कडवं लिहिणारा कारेरा आंद्रादे त्या रात्रीपर्यंत अर्धं जग फिरला होता. पायता, ल हाव्र, योकोहामा, सॅन फ्रान्सिस्को; जिथं वकिलातीने पाठवलं तिथं गेला. पुढे राजदूत झाला, थोडा काळ परराष्ट्रमंत्रीही झाला. जपानमध्ये असताना 1940 मध्ये त्याने टोकियोत 'मिक्रोग्रामास' नावाचं लहानसं पुस्तक छापलं. विषय काय, तर गोगलगाय, अक्रोड, कालवाचा शिंपला. हायकूशी नातं सांगणाऱ्या, दोनचार ओळींच्या कविता. त्यांत कोणी मरत नाही, कोणी मॉर्फिन घेत नाही, कोणाचा प्रेमभंग होत नाही. म्हणूनच बहुधा त्यांवर पासियो झाला नाही.

चौघांचा फोटो पुसून टाका असं नाही, पण तिथून सुरुवात करू नका. आधी बेनितेस आणि वालेन्सियाच्या आवाजात 'वासिहा दे बारो' ऐका. मग 'मिक्रोग्रामास' वाचा. 2011 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालंय आणि पुस्तक एका बैठकीत होतं.