आधी नेहमीचं लिहा

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी

आज आमच्या वृद्धाश्रमातल्या निम्म्याहून अधिक आजी-आजोबांचा उपवास. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या आजोबांसाठी डॉक्टरांना कालच फोन करून ठेवला होता. ग्लिमेपिराइड घेतली आणि पोटात पुरेसं अन्न गेलं नाही, तर साखर उतरते. उतारवयात घाम फुटेल, हात थरथरतील, असंही नाही. माणूस नुसता गप्प होतो किंवा तिरसटतो. म्हणून फोनवर ‘आजोबांचा उपवास आहे, काय करू?’ एवढं पुरत नाही. गोळी किती मिलिग्रॅमची, उपाशीपोटी साखर किती, मूत्रपिंडाचा शेवटचा रिपोर्ट काय आणि ते उपवासाला काय खाणार, हे सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आजची गोळी बंद ठेवायला आणि दुपारी, रात्री साखर बघायला सांगितलं. दुपारी १३२ आली.

हे आदल्या दिवशी विचारायलाच हवं. पावसाळी रविवारी खडकवासला धरणाच्या चौपाटीवर गर्दी लोटली की सिंहगड रस्ता तुंबतो. डॉक्टर धायरीहून निघाले तरी इथे कधी पोचतील, याचा नेम नसतो.

८ जुलै, मंगळवार

सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर घेताना रात्रीच्या वहीत ‘सर्व ठीक’ एवढाच शेरा होता. नव्या सिस्टरला जवळ बसवून समजावलं. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या आजोबांचा ऑक्सिजन रोजच ९० ते ९२ असतो. शेजारच्या खोलीतल्या आजींचा ९७. दोघांच्या नावापुढे ९२ लिहिलं, तर एकाची गोष्ट रोजची आणि दुसरीसाठी लगेच फोन उचलायचा.

म्हणून प्रत्येकाच्या केसपेपरवर पहिलं पान ‘नेहमीचं’ या नावाचं ठेवलं आहे. बीपी, नाडी, ताप, वजन तर आहेच. शिवाय भाकरी किती खातात, रात्री लघवीला किती वेळा उठतात, काठीने चालतात की भिंत धरून, कोणाला नावाने ओळखतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस आमचे शब्द हेच त्यांचे डोळे.

१२ जुलै, शनिवार

पानशेत फुटल्याचा दिवस. १९६१ साली याच तारखेला सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला धरणही खचलं आणि पुण्यात पाणी शिरलं. इथल्या शहाऐंशी वर्षांच्या आजी तेव्हा नारायण पेठेत नव्याने नांदायला आलेल्या. चहा झाला की ती हकिगत त्या रोज सांगतात, त्याच क्रमाने, दिरांनी जात्यासकट पिठाचा डबा माडीवर नेला इथे हसून.

आज पहाटे तीनला त्यांनी शेजारच्या आजींना हलवून उठवलं. पातळाचं गाठोडं बांधलेलं. ‘पाणी आलं, माडीवर चला.’ तारीखच तशी, बाहेर पाऊस. कोणालाही वाटलं असतं, आठवण दाटून आली. रात्रपाळीच्या मावशींना तसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, रोज त्या पूर सांगतात. आज त्या पुरात उभ्या आहेत. आणि रात्रीपासून चार वेळा लघवीला उठल्यात, आग होते म्हणतात.’

पहिलं पान उघडून फोन लावला: ‘डॉक्टर, शहाऐंशी वर्षांच्या आजी पहाटे तीनपासून अचानक गोंधळल्यात. कालपर्यंत सगळ्यांना ओळखत होत्या. ताप नेहमी ९७, आता ९९.४. नाडी ७४ ची ९६ झालीय. बीपी १२८/७६, ऑक्सिजन ९६, साखर ११८. रात्री चार वेळा लघवी, आग होते. पडलेल्या नाहीत, रक्त पातळ करायची गोळी नाही, नवं औषध नाही. मला लघवीचा संसर्ग वाटतो. तुम्ही सकाळी येऊन बघाल का? तोवर काय करू?’

डॉक्टरांनी सांगितलं: पाणी देत राहा, दिवा चालू ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा, लघवीचा नमुना घेऊन ठेवा, सुस्ती आली किंवा बीपी उतरलं तर १०८ ला फोन करा. मी ऐकलेलं सगळं परत वाचून दाखवलं.

१३ जुलै, रविवार

काल डॉक्टर सकाळीच येऊन तपासून गेले. नमुना कल्चरला पाठवून मगच औषध सुरू केलं. ९९.४ ला आपण ताप म्हणत नाही; पण म्हातारपणी नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइट वाढ म्हणजे ताप धरतात. आणि नुसत्या लघवीच्या रिपोर्टवर जाता येत नाही, कारण या वयात पुष्कळांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. मावशींनी सांगितलेली आग आणि जाग, यावरच निदान उभं राहिलं.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. आजींना झाला तसा अचानक गोंधळ, म्हणजे डिलिरिअम, तासा-दिवसांत येतो आणि दिवसभर कमी-जास्त होतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली आपला धोक्याच्या गुणांचा तक्ता सुधारला, तेव्हा नव्याने आलेल्या गोंधळाला एकदम तीन गुण दिले. ‘वय झालं’ म्हणून जे सोडून दिलं जातं, त्याला तिथे इतकं वजन आहे.

१६ जुलै, बुधवार

आजी सावरल्यात. आज सगळ्या मावशींना बसवून फोनचा सराव घेतला. आत्ता काय झालं, आधीचं काय, मला काय वाटतं, काय हवं: या चार पायऱ्या अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यांत आल्या. तिसऱ्या पायरीला मावशी अडतात. ‘आम्ही काय सांगणार डॉक्टरांना?’ पण अंग पुसताना, घास भरवताना बदल आधी त्यांच्याच हाताला लागतो. आजपासून सिस्टर हाताशी नसेल तर मावशींनी थेट फोन लावायचा, हे कार्यालयातून लेखी घेतलं.

दुपारी नव्या आजोबांना घेऊन मुलगा आला. फाइलमध्ये पाच वर्षांचे रिपोर्ट. पण बाबा रात्री किती वेळा उठतात, हे त्याला सांगता येईना. मी सूनबाईंना फोन लावला. त्यांनी अर्धा तास सगळं सांगितलं आणि पहिलं पान भरलं. यापुढे रिपोर्ट नसले तरी प्रवेश देईन. घरात रोज बघणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय देणार नाही.