जुमेरातची हळद

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे एमआयडीसी वाढत भोसरी, आकुर्डी आणि चाकणपर्यंत गेली. कामासाठी लातूर, बीड, सोलापूर, कोकण आणि उत्तर प्रदेशातून मुस्लिम कुटुंबे आली. खेड-मावळातली मुलाणी, तांबोळी, अत्तार घराणी तर आधीपासूनच होती. आज एकाच इमारतीत ही सगळी राहतात. इथल्या लग्नांना गेलो की आम्हाला चार मुलुखांच्या रीती एकाच जिन्यावर भेटतात.

इथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे लग्नाचे दिवस पाळ्यांवर ठरतात. बुधवारी पहिली पाळी सुटली की हळद, जुमेरातला निकाह. मराठवाड्यात लग्नानंतरच्या जुम्याला जावयाला जेवायला बोलावतात, ती जुमगी. इथे काही घरांत तीही जुमेरातला होते.

हळदीला मराठवाड्याची खाला हळद-चंदनाचा चिकसा कालवते. खेडकडची चाची दारात आंब्याचे डहाळे बांधते आणि मराठीत हळदीची गाणी म्हणते. रतजग्याला गुलगुले आणि तांदळाच्या पिठाचा रहम होतो. समोरच्या घरातल्या वहिनी परात घेऊन मदतीला येतात. ढोलकी एक, गाणी दखनी, मराठी आणि भोजपुरी. रात्री दहानंतर स्पीकरला बंदी आहे, पण ढोलकीवर हळू आवाजात गाणाऱ्या बायकांचे काही अडत नाही.

तुर्कस्तानच्या खेड्यांतही लग्नाआधी मेंदीची रात्र असते. नवरीच्या डोक्यावर लाल ओढणी घालतात, मैत्रिणी मेणबत्त्या घेऊन तिच्याभोवती फिरतात आणि माहेर सुटण्याची गाणी म्हणून तिला रडवतात. नवरी मूठ मिटून बसते. सासू तळहातावर सोन्याचे नाणे ठेवते, तेव्हा ती मूठ उघडते आणि मेंदी लागते. हे आपल्या बायकांना सांगितले की त्या हसून म्हणतात, ‘म्हणजे आपल्यासारखंच!’

या रीतींना खर्च थोडा, हात मात्र पुष्कळ लागतात. खर्च वाढतो तो दुसरीकडे. आता हळदीलाही हॉल हवा, पिवळ्या रंगाची सजावट हवी, ड्रोनचे चित्रीकरण हवे. बायकांनी गाण्याऐवजी डीजेसमोर बसायचे. मुलीचा बाप पतपेढीचे कर्ज काढतो, ओव्हरटाइम करून हप्ते फेडतो. त्याच लग्नात काझीसाहेब महर विचारतात तेव्हा उत्तर येते, ‘उधार लिहा.’ मुलीचा जो हक्क आहे तोच मागे राहतो.

निकाहला दोघांची कबुली, साक्षीदार आणि महर लागतो. वलिम्यासाठी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना प्रेषितांनी (स.) एक बकरी का होईना, एवढेच सांगितले होते. बाकी सगळे आपल्या हौसेचे. हौस करू नये असे आम्ही म्हणत नाही. चिकसा, गुलगुले, ढोलकी हीही हौसच आहे, आणि परमुलुखात आलेल्या बायकांना तिने शेजारीण मिळवून दिली आहे. हळद गच्चीवर करा, हॉलचे वाचलेले पैसे मुलीच्या हाती महर म्हणून पडतील असे दोन्ही घरांनी बसून ठरवा. बोलणी पक्की होतात त्याच दिवशी ठरवले, तर नंतर कुणाला अवघडल्यासारखे होत नाही.