व्हिएन्ना: पाण्याच्या मागोमाग

शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

संध्याकाळी पोहोचले. खोली दहाव्या वॉर्डात, फावोरिटेनमध्ये. या शहराचे २३ वॉर्ड आहेत आणि रस्त्याच्या पाटीवर नावाच्या आधी वॉर्डाचा आकडा असतो, त्यामुळे नवख्या माणसालाही आपण कुठे उभे आहोत ते कळतं. वसतिगृहाच्या बाईंनी किल्ली दिली, चादरी दाखवल्या. पिण्याचं पाणी कुठून भरायचं, असं विचारल्यावर त्यांनी न्हाणीघरातल्या नळाकडे बोट केलं. ‘हेच प्यायचं. डोंगरावरून येतं.’ तांब्या सोबत आणलाच होता. भरून घेतला. पाणी इतकं गार की दात शिवशिवले. चव अशी काहीच नाही, क्लोरीनचा वास नाही. चंद्रपूरच्या मुलीला ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी वाटते.

रविवार, २८ सप्टेंबर

रविवारी इथली दुकानं बंद. आईने बांधून दिलेल्या दशम्यांवर भागलं. सकाळी घरी फोन लावला. आजीचा पहिला प्रश्न, ‘जेवली का वं?’ आणि दुसरा, ‘पाणी इकत घ्या लागते का तिथं?’ नळाचंच पितात म्हटल्यावर तिने विचारलं, ‘मंग नळ कितीक वाजता येते?’ दिवसभर असतो, हे तिला दोनदा सांगावं लागलं. आमच्या वस्तीत नळ यायच्या वेळी घरात कुणीतरी थांबावंच लागतं, आणि आजवर ते थांबणं आजीच्याच वाट्याला आलंय.

दुपारी पायी निघाले. वीनरबेर्गच्या चढावर विटांचा एक उंच मनोरा दिसला. किल्ल्याचा बुरूज असेल असं वाटलं, जवळ गेल्यावर कळलं की ही पाण्याची टाकी आहे. उंची ६७ मीटर, बांधकाम १८९९ मध्ये पूर्ण झालेलं. फावोरिटेनचा हा भाग चढावर असल्याने शहरात आलेलं पाणी इथल्या घरांपर्यंत चढत नव्हतं, म्हणून ते आधी या मनोऱ्यात उपसून चढवायचे. १९१० मध्ये दुसरी जलवाहिनी आली आणि उपसण्याची गरज संपली. सिव्हिलच्या वर्गात ‘हेड’ म्हणून जे फळ्यावर शिकले, ते इथे डोळ्यांसमोर उभं होतं. पाण्याला दाब उंचीमुळे मिळतो, आणि कुणाच्या घराला किती उंची द्यायची ते शहर ठरवतं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

राहायला आल्यापासून तीन दिवसांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. वसतिगृहाच्या सहीचा कागद घेऊन वॉर्ड कार्यालयात गेले आणि शिक्का मारून घेतला. मेट्रोत शिरताना कुठे फाटक नाही. तिकीट काढायचं नि आत जायचं, कधीतरी तपासनीस येतात. उद्यापासून सत्र सुरू.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज दसरा. नागपूरला दीक्षाभूमीवर माणूस मावत नसेल.

तास संपल्यावर कार्ल्सप्लाट्झहून चालत श्वार्त्सेनबेर्गप्लाट्झला गेले. तिथे एक प्रचंड कारंजं आहे. त्याच्या काठाने लहान लहान धारा आहेत, वर्षाच्या दिवसांइतक्या, ३६५. मधली धार झाडांच्याही वर जाते. हे कारंजं २४ ऑक्टोबर १८७३ रोजी सुरू झालं, आणि डोंगरातलं पाणी शहरात पोहोचल्याची ती जाहीर खूण होती. राक्स आणि श्नेबेर्ग या डोंगरांतल्या झऱ्यांपासून इथवर पाणी निव्वळ उताराने येतं, वाटेत पंप नाही.

जवळच एक अर्धपुतळा आहे, एडुआर्ड झ्यूस यांचा. हे नाव मला शाळेपासून ठाऊक आहे. विदर्भातल्या मुलांना कोळशाचा धडा असतो आणि त्यात गोंडवन खडक येतात. भारतातल्या भूवैज्ञानिकांनी ते खडक गोंडांच्या प्रदेशावरून ओळखले होते. त्याच नावावरून झ्यूस यांनी १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवनलँड म्हटलं. माझ्या गावाचा परकोट गोंड राजांचा, गावाखालचा कोळसा गोंडवन खडकांतला. तो इतिहास जगाच्या नकाशावर नेणारा माणूस व्हिएन्नाला पाणी आणणारा निघाला, हे मात्र आजच कळलं.

झ्यूस विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. १८६२ मध्ये त्यांनी या शहराच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं. विहिरींत घाण कशी झिरपते आणि त्यातून रोगराई कशी पसरते, हे मातीच्या थरांवरून त्यांनी दाखवलं. पुस्तक लिहून ते थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी नगरपरिषदेत निवडून गेले आणि जलवाहिनीची योजना लावून धरली. डोंगरातल्या एका झऱ्याचं पाणी पूर्वी घोडेस्वार राजवाड्यात पोहोचवत असत, कारण शिकारीला गेलेल्या सहाव्या कार्ल सम्राटाला ते आवडलं होतं. तोच कायझरब्रुन झरा १८६५ मध्ये फ्रान्झ योझेफने शहराला दिला. कारंजं उडालं त्या वर्षीदेखील व्हिएन्नात कॉलरा होता. नवं पाणी घरोघर पोहोचू लागलं तसे टायफॉइडचे बळी झपाट्याने घटले.

घसा कोरडा पडला होता म्हणून कॉफी घेतली. छोट्या धातूच्या तबकात कप, शेजारी पाण्याचा भरलेला पेला आणि पेल्यावर आडवा ठेवलेला चमचा. पाणी मागावं लागत नाही. पेला रिकामा झाला तसा वेटरने न सांगता दुसरा आणून ठेवला.

रविवार, ५ ऑक्टोबर

यू-१ मेट्रोने थेट डॅन्यूबवरच्या बेटावर उतरले. लांबी २१ किलोमीटर, रुंदी जेमतेम. लोक सायकली चालवतात, मुलं चेंडू खेळतात. हे बेट नदीने घडवलेलं नाही. १९७२ ते १९८८ या काळात पुरासाठी मूळ पात्राला समांतर दुसरं पात्र खोदलं, आणि त्या खोदकामाच्या मातीचं हे बेट झालं. एरवी दारं बंद असल्याने नवं पात्र तळ्यासारखं स्तब्ध असतं. पूर आला की दारं उघडतात आणि जादा पाणी तिथून वाहून जातं. दोन्ही पात्रं मिळून सेकंदाला १४,००० घनमीटर पाणी वाहून नेता यावं असा हिशेब धरलेला आहे. गेल्या वर्षीच्या, सप्टेंबर २०२४ मधल्या पुरात ही व्यवस्था टिकली. लहानशी वीन नदी मात्र फुगली आणि तिच्या काठाने जाणारी यू-४ मेट्रो अडली. एवढ्या तयारीच्या शहरालाही प्रत्येक ओढ्याचा वेगळा विचार करावाच लागतो.

चंद्रपुरात इरई फुगते तेव्हा काठावरच्या वस्त्यांतली माणसं बिऱ्हाड उचलून शाळेत येतात. बेटावर बसून वहीत इरईचं पात्र काढलं. कुठे रुंदी आहे आणि कुठे घरं आत आली आहेत, आठवेल तसं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

वर्गातली एक मैत्रीण जुन्या चाळवजा इमारतीत राहते. तिच्या जिन्यात भिंतीला बिडाचं एक पसरट भांडं बसवलेलं आहे, वर पितळी तोटी, कडेला हिरवट डाग. याला इथे बासेना म्हणतात. पूर्वी मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून ही एकच तोटी. बायका इथेच रांगेत उभ्या राहायच्या, इथेच सुखदुःख बोलायच्या. तोटी अजून चालू आहे. मी तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. आजीच्या लहानपणीचा सरकारी नळ मी पाहिलेला नाही, पण त्याच्या गोष्टी ऐकतच वाढले.

परत येताना रॉयमानप्लाट्झवरचं आमालिएनबाड आतून पाहिलं. १९२६ मध्ये नगरपालिकेने कामगारांच्या या वॉर्डात बांधलेलं सार्वजनिक स्नानगृह. घरात न्हाणी नसलेल्या माणसांसाठी पोहण्याचा तलाव, वाफेची दालनं, टब आणि रंगीत टाइल्सच्या भिंती. तलावावरचं काचेचं छत उन्हाळ्यात उघडता यावं असं केलं होतं. नाव दिलं ते आमालिए पोल्झर यांचं, इथल्याच कार्यकर्त्या आणि नगरसेविका. गरिबांसाठी बांधायचं म्हणून कुठे हात आखडता घेतलेला दिसत नाही.

आज एक हिशेब जुळला. झऱ्याचं पाणी आधी राजवाड्यात गेलं, १८७३ मध्ये शहरात आलं, मग जिन्यातल्या तोटीला आलं, आणि कामगाराला अंग धुवायला पुरेसं पाणी मिळायला १९२६ साल उजाडलं. शहरात पाणी येणं आणि ते माणसापर्यंत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अभियंते करतात. दुसरीसाठी लोकांना मागणी करावी लागते, निवडून यावं लागतं, कर बसवावा लागतो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गर्दी असणार. १९५६ मध्ये नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी आमच्या गावी दीक्षा दिली. आजी तेव्हा लहान होती, वडिलांबरोबर बंडीतून आली होती. सकाळी फोनवर ‘जयभीम’ झालं. बाबा तिला घेऊन मैदानाकडे निघाले होते. माझ्याजवळ पांढरी साडी नव्हती, पांढरा कुडता घातला आणि वर्गात गेले.

दुपारी कार्ल्सप्लाट्झजवळ रस्त्याकडेच्या पाणपोईवर बाटली भरत होते. अशा हजाराहून अधिक पाणपोया शहरात आहेत. माझ्या पुढे एक रस्ता झाडणारा माणूस, मागे सूटबूटातला एक गृहस्थ. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याला हात लावण्यासाठी हजारो माणसांना चालत जावं लागलं होतं. तळ्यात पाणी होतं, ते सगळ्यांचं नव्हतं. म्हणून मला इथल्या पाण्याची शुद्धता जितकी मोलाची वाटते, तितकीच रांगेतली ही बेफिकिरी मोलाची वाटते. या शहराने २००१ मध्ये आपलं पाणी कायद्याने जपायचं ठरवलं, तेव्हा राखण्याजोगं काही त्याच्या हाती आधीच आलं होतं.

सत्राच्या निबंधाचा विषय आज प्राध्यापकांना कळवला. चंद्रपूरच्या आमच्या वस्तीत मुख्य टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत पाण्याचा दाब किती उरतो, नळ किती वेळ चालतो आणि त्या वेळी घरी कुणाला थांबावं लागतं, हे तिन्ही मोजायचं. पुस्तकात फक्त पहिलं माप असतं. उरलेली दोन मी जोडणार आहे. घराघरांतल्या वेळा आणि थांबणाऱ्यांची नावं लिहून घ्यायला बाबा तयार झाले आहेत, आणि यादीतलं पहिलं घर आमचंच आहे.