सुरुवात शून्यापासून

काही माणसांना आपलं काम सापडतं आणि काहींच्या ते गळ्यात पडतं. ॲनी आल्बर्स ही विणकर बाई दुसऱ्या प्रकारातली. सध्या त्यांच्याविषयी मिळेल ते वाचते आहे, आणि शिक्षकांच्या सवयीने मनातल्या मनात त्यांना ‘ॲनीबाई’ म्हणायला लागले आहे. तेव्हा इथेही तसंच म्हणते.

ॲनीबाईंचा जन्म १८९९ सालचा, बर्लिनमधल्या खात्यापित्या घरातला. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. १९२२ साली त्या वायमारच्या ‘बाउहाउस’ या कलाशाळेत दाखल झाल्या. ही शाळा मोठी पुरोगामी. मुलगे-मुली समान, असं तिचं धोरण. पण प्रत्यक्षात काय, तर मुलींची रवानगी बहुतेक विणकामाकडे! ॲनीबाईंना काचकाम शिकायचं होतं, ते जमलं नाही. विणकाम त्यांना अगदी मिळमिळीत वाटायचं. तरी त्या मागावर बसल्या आणि हळूहळू त्या धाग्यानेच त्यांना बांधून घेतलं. ‘बघा, शेवटी चांगलंच झालं’ असं म्हणून तो अन्याय मात्र गोड करून घेऊ नये. अन्याय तो अन्यायच.

१९३० साली पदविकेसाठी त्यांनी जे कापड विणलं, ते मला फार आवडलं. बर्लिनजवळच्या बेर्नाऊ गावी कामगार संघटनांची एक शाळा होती. तिच्या सभागृहात आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावायचं हे कापड. त्याची एक बाजू आवाज शोषून घेणारी, आणि दुसऱ्या बाजूला चक्क सेलोफेन विणलेलं, म्हणजे उजेड परत फेकला जावा. इथे कापडाची नक्षी म्हणजे त्याचं कामच!

पुढे १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, बाउहाउस बंद झालं. ॲनीबाई जन्माने ज्यू. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या आणि त्यांचे पती, चित्रकार जोसेफ आल्बर्स, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाला गेले. तिथे ‘ब्लॅक माउंटन कॉलेज’ नावाचं एक छोटंसं, नुकतंच सुरू झालेलं कॉलेज होतं. १९४९ पर्यंत दोघंही तिथेच शिकवत होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. त्या शिकवत कशा?

त्या विद्यार्थ्यांना सांगत, अशी कल्पना करा, की तुम्ही पेरूच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटात आहात. काळ फार फार जुना. तुमच्याजवळ काहीही नाही, माग नाही, भांडंही नाही. अंग झाकायचंय, डोक्यावर काहीतरी आडोसा करायचाय. मग काय कराल? शोधा! म्हणजे सुरुवात शून्यापासून. मग एकेक पायरी चढत कंबरेच्या मागापर्यंत यायचं. हा माग म्हणजे दोन काठ्यांमध्ये ताणलेले धागे. एक काठी झाडाला किंवा खांबाला बांधायची, दुसरी पट्ट्याने आपल्या कंबरेला. आपण मागे रेललो की ताणा घट्ट, पुढे झुकलो की सैल. आपल्या ईशान्य भारतातही बायका अशा मागावर विणतात.

स्पर्शाचे धडे वेगळे. मक्याचे दाणे, गवत, पिळलेला कागद, टाचणीने टोचलेला कागद, धातूचा कीस, असं हाताशी येईल ते घ्यायचं आणि कापडासारखा पोत तयार करायचा. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याला सगळं तयार मिळतं, त्यामुळे डोळे चालतात पण बोटं उपाशी राहतात. स्वतः त्यांनी १९४० च्या सुमारास अलेक्झांडर रीड या विद्यार्थ्याबरोबर दागिने केले. ते कशाचे, तर मोरीच्या जाळीचे, कागदाला लावायच्या क्लिपांचे आणि वॉशरचे!

हे वाचताना मला आमच्या शाळेतला शिवणाचा तास आठवला. अभ्यासक्रमात टाक्यांची यादी असे: धावदोरा, हेम, साखळी टाका, काज. प्रत्येकीचा रुमाल सारखा. सातवीतल्या एका मुलीकडे भरतकामाचा दोरा घ्यायला पैसे नव्हते. तिने गोणपाटाचे धागे ओढून काढले. धागा जाड, साखळी काही बसेना. मग तिने त्याचे उभे फास घालून स्वतःचाच एक टाका तयार केला आणि रुमालाची कड अशी काही सजवली, की वर्गातल्या मुली बघतच राहिल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी ‘हा टाका यादीत नाही’ म्हणून तिचे गुण कापले. मी भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

टाके शिकवूच नयेत, असं मला म्हणायचं नाही. ॲनीबाईंकडेही वीण, ताणा, बाणा यांचं शिक्षण पक्कं असे. त्यांचं १९६५ सालचं ‘ऑन वीव्हिंग’ हे पुस्तक त्याचीच साक्ष देतं. प्रश्न क्रमाचा आहे. आधी वस्तूशी झटापट, मग रीत. रीत आधी आली, की मूल वस्तूकडे बघतच नाही, यादीकडे बघतं.

हाताच्या कामाचं मोल आपल्याकडेही कोणी ओळखलं नव्हतं असं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागी आणला. तिथे टकळीवरच्या सुतातून गणित-भूगोल शिकायचं होतं आणि सूत उपयोगाचंही व्हायचं होतं. ॲनीबाईंचा भर वेगळा होता. धाग्याला काय हवंय, ते आधी ऐका.

१९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात (मोमा) त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. विणकराला असा मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. तरीही १९६३ नंतर त्या छापचित्रांकडे वळल्या आणि पुढे मागही सोडला. पायांचं जुनं दुखणं होतंच. पण त्यांचा अनुभव असा, की तेच काम धाग्यात केलं तर लोक कारागिरी म्हणतात आणि कागदावर केलं की कला! १९९४ साली त्या गेल्या.

‘ऑन वीव्हिंग’ त्यांनी अर्पण केलं आहे प्राचीन पेरूच्या विणकरांना, आपले थोर गुरू म्हणून. त्या गुरूंपैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही.

ही अर्पणपत्रिका वाचून मला आपल्याकडच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका आठवल्या. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे विटलेले सदरे, जे असेल ते थरावर थर टाकून शिवायचं. शून्यापासून सुरुवात करा, असं त्यांना कुठल्या बाईंनी सांगितलं नव्हतं. घरात होतंच तेवढं. पण कोणती चिंधी कशाशेजारी लावायची, हे त्या किती विचार करून ठरवत! तुमच्या घरात अशी एखादी गोधडी असेल, तर ती कुणी शिवली ते आजच विचारून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर.